रोवणीतला देवमाणूस

रोज खत, पाणी, तुडतुडा यावर लिहितो. आज धानावर कमी आणि धानात उभं राहून चालणाऱ्या गप्पांवर जास्त लिहितो. कृषी सहायक साहेबांनी रागावू नये, खाली एक-दोन कामाच्या गोष्टी येतील.

गोष्ट 2021 च्या खरिपाची. आमची शेती इटियाडोहच्या पाण्यावरची. गोठणगावजवळ गाढवी नदी अडवून हे धरण झालं, त्याचं पाणी आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातून खाली लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत जातं. रोवणी लागली की इकडच्या सगळ्या गावांत एकाच वेळी बाया लागतात, म्हणून बायांचा गट ज्याला मिळाला तो नशीबवान. मला त्या वर्षी बारा जणींचा गट मिळाला. चांगला गट होता, पण पहिल्याच दिवशी लक्षात आलं की या बारा जणींच्या रोवणीचा वेग माझ्या हातात नाही, पाण्याच्या हातात नाही, तो झी मराठीच्या हातात आहे.

'देवमाणूस' मालिका तेव्हा शेवटाकडे आली होती. 31 ऑगस्ट 2020 ला सुरू झालेली. रात्री साडेदहाला लागायची. दिवसभर वाकून रोवणी केलेली बाई साडेदहापर्यंत जागी राहणं कठीण. बारापैकी आठ-नऊ जणी टीव्हीसमोरच झोपून जायच्या. एक होती जी झोपायची नाही. ती सकाळी बांधीत उतरली की बाकीच्यांचा एकच धोशा, "सांग वं, काल काय झालं? थो डाक्टर सापडला का?" मग ही सुरू. डॉक्टरचा आवाज वेगळा, एसीपी दिव्या सिंगचा वेगळा, डिंपलचा वेगळा, टोण्याचा वेगळा. आणि सरू आजी आली की कंबर सरळ करून उभीच राहायची, कारण सरू आजीच्या म्हणी वाकून म्हणता येत नाहीत असं तिचं म्हणणं. मालिकेतलं 'लय' आणि 'व्हय' आमच्या झाडीच्या तोंडात इतकं विचित्र वाटायचं की शेजारच्या बांधीतला ट्रॅक्टरवाला चिखलणी थांबवून ऐकायचा.

आता शेतीची गोष्ट सांगतो. वाण एमटीयू 1010 होतं, पऱ्हे चोवीस दिवसांचे. एका चुडात दोन-तीन रोपं आणि 20 बाय 15 सेंटिमीटर अंतर, हे मी रोज सांगत होतो. सरू आजी चालू असली की चूड बरोबर पडायची. डॉक्टर सुई भरायला लागला की एका चुडात सहा-सहा, सात-सात रोपं, आणि अंतर हातभर. त्या वर्षी माझ्या धुऱ्यावर उभं राहिलं असतं तर कोणत्या ओळीत खून झाला हे दिसलं असतं. मी बोललो तर उत्तर आलं, "भाऊ, थांबा जरा, बाईचा जीव जाऊन रायला."

हसण्यावारी नेऊ नका. आमच्या भागात रात्रभर नाटक पाहायचं आणि दुसऱ्या दिवशी कापणीत, मळणीत त्यावर वाद घालायचा ही जुनी रीत आहे. दिवाळीनंतर मंडया भरतात, गावोगाव नाटकं लागतात, वडशातून कंपन्या निघतात. एकाच रात्रीत रडणं, मारामारी, लावणी आणि पोट दुखेपर्यंत हसणं, हे सगळं झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला लागतंच. गडचिरोलीचे परशुराम खुणे, ज्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, ते स्वतः शेतकरी आणि लोकांना हसवणारे नट. खून आणि विनोद एका ताटात वाढला म्हणून शहरातल्या लोकांना नवल वाटलं असेल, आम्हाला नाही. पण 2020 च्या दिवाळीला कोरोनामुळे आमच्याकडे मंडया झाल्या नाहीत, नाटकं बंद. ती भूक या मालिकेनं भागवली, असं माझं मत.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका गावात डॉक्टर अजितकुमार देव येतो. रात्री-बेरात्री बोलवा, येणार. पैशाचं नाव काढणार नाही. गाव त्याला देवमाणूस म्हणतं. तो खरा डॉक्टर नसतोच, तो देवीसिंग असतो, आणि बायांना गोड बोलून, त्यांचा पैसा-दागिना घेऊन त्यांना संपवत असतो. किरण गायकवाड या नटानं ते काम असं केलं की बाया त्याला शिव्याही द्यायच्या आणि शर्ट कोणत्या रंगाचा होता तेही सांगायच्या. प्रेक्षकाला पहिल्यापासून सगळं माहीत, गावाला काहीच माहीत नाही. गंमत त्यातच.

गटात दोन पक्ष पडले होते. तरुण सुना म्हणायच्या की गाव बावळट दाखवलंय, इतक्या बाया गायब होतात आणि कुणाला संशय येत नाही, असं कुठं असतं? त्यावर गटातली सगळ्यात मोठी, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, ती एक दिवस पेंढी सोडता सोडता म्हणाली, "बावळट काऊन? राती दोन वाजता पोराले झटके आले तं कोन येते? थो येते. मंग त्याले पदवी कोन इचारते?"

मी धुऱ्यावर खताचं पोतं उघडत होतो. हात थांबला. कारण मावशी मालिकेतल्या डॉक्टरबद्दल बोलत नव्हती, हे बाराही जणींना कळलं होतं आणि मलाही.

आमच्या पट्ट्यात एक सुईवाला फिरायचा. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. मोटारसायकल, डिक्कीत सलाईनच्या बाटल्या, खुंटीला बाटली टांगून घरीच सलाईन. उधारी धान विकल्यावर द्यायची. तोंडाचा गोड. मावशीच्या नातवाला त्यानं एकदा खरंच मध्यरात्री स्वतःच्या गाडीवर बसवून अर्जुनीला नेलं होतं. हे मी नाकारत नाही. त्या वर्षी तर त्याची चलती होती, कारण सरकारी दवाखान्यात ताप घेऊन गेलं की आधी कोरोनाची तपासणी करतील, उचलून सेंटरला नेतील, ही भीती घराघरात बसलेली.

जुलैच्या शेवटी गटातली एक बाई थंडी वाजून तापली. दुपारी बांधीतच हुडहुडी भरली. रात्री सुईवाल्यानं सलाईन लावलं, एक सुई दिली, सकाळी ती कामावर हजर. एक दिवस बरी. तिसऱ्या दिवशी परत तेच, दुपारीच. परत सलाईन. परत हजर. तोंड पिवळं पडलेलं. आणि तिच्या शेजारी भाग सांगणारी आपली सांगतेय, मालिकेत आता कोर्ट लागलंय, सरकारी वकील आर्या देशमुख कशी प्रश्न विचारते, डॉक्टर कसा गोड हसतो.

तेवढ्यात एका सुनेनं हात वर न काढता म्हटलं, "आन् आपला देवीसिंग? त्याले कोन इचारन?"

सगळ्या हसल्या. तापलेली बाईही हसली. मावशी नाही हसली. तिनं सुनेला झापलं, चांगलंच झापलं. सुनेनं उलट उत्तर दिलं. "दोन सलाईन झाले, रक्त तपासलं का त्यानं? तुमी रातच्या देवीसिंगले शिव्या देता आन् दिवसाच्याले सोताच्या दंडात सुई टोचून घेता." बांधीत भांडण पेटलं. पाऊण तास एक चूड पडली नाही. मालक म्हणून मी ओरडायला पाहिजे होतं, पण मी नाही ओरडलो. ही गोष्ट ग्रामसभेत कुणी बोलू शकलं नसतं. कुणाची उधारी त्याच्याकडे, कुणावर उपकार. आडून एक मालिका होती म्हणून तोंडातून निघाली.

भांडण मिटवलं भाग सांगणारीनं. ती म्हणाली, भांडू नका, आशाताईकडे किट आहे, बोटातून एक थेंब रक्त लागते, नेऊन पाहू, कोरोनाचं नाही, मलेरियाचं. दुपारच्या जेवणात दोघी तिला घेऊन गेल्या. पंधरा-वीस मिनिटांत त्या पट्टीवर रेघ आली. फाल्सिपेरम. आमच्या गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हा मलेरिया नवा नाही, डोक्यात चढला की माणूस हातचा जातो. सलाईननं त्याचा जंतू मरत नाही, फक्त अंगात तरतरी येऊन एक दिवस ढकलला जातो. त्याच्या गोळ्या सरकारी, फुकटच्या. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, तिथून पुढे ठेवून घेतलं, कारण रक्तही कमी निघालं. तिची रोवणी तिथंच संपली.

दुसऱ्या दिवशी बांधीत मालिकेचा भाग कुणी मागितला नाही. मग मावशीनंच विचारलं, पण वेगळंच. "हे मालिका खरी हाय म्हणते, होय का गा भाऊ?"

मी मोबाईलवर पाहून सांगितलं होतं ते सांगितलं. सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यात धोम नावाचं गाव आहे, तेही धरणाचंच गाव, कृष्णा नदीवरचं. ऑगस्ट 2016 मध्ये तिथल्या डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसाला पोलिसांनी धरलं. 2003 पासून सहा जणांना मारल्याचा आरोप, त्यात पाच बाया. प्रेतं त्याच्या शेतातल्या घराजवळ पुरलेली निघाली. मालिका त्या प्रकरणावरून बेतलेली, असं पेपरात आलं होतं.

"पाच बाया," मावशी म्हणाली. "आन् आपून हासत होतो."

यावर कुणी काही बोललं नाही. मलाही अजून नीट उत्तर सुचलेलं नाही. हसलो नसतो तर सुनेनं तो प्रश्न विचारला असता का? मला वाटतं नसता विचारला. पण त्या पाच घरांत कुणी साडेदहाला ही मालिका लावत असेल का, हेही मनात येतं. दोन्ही खरं आहे, आणि एकानं दुसरं खोडत नाही.

सुईवाल्याचं काय झालं ते सांगतो, कारण विचारणार आहात. पोलीस वगैरे काही आलं नाही. महाराष्ट्रात नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे, बोगस डॉक्टर शोधायला तालुक्या-जिल्ह्यात समित्याही आहेत, पण तक्रार करायला नाव द्यावं लागतं आणि नाव कुणी दिलं नाही. पोरांनी मात्र त्याला सोडलं नाही. मोटारसायकल दिसली की "देवीसिंग आला" म्हणून ओरडायची. चहाच्या टपरीवर तो माझ्याजवळच चिडून म्हणाला, "या मालिकेनं आमचा धंदा बसवला, भाऊ." मग जरा वेळानं विचारलं, "काल कोर्टात काय झालं, पायलं का?" तोही पाहत होता! हळूहळू आमच्या गावात त्याचं येणं कमी झालं. दुसऱ्या गावात वाढलं असेल.

आता कामाची गोष्ट, जी सांगतो म्हटलं होतं. धानाच्या बाबतीतही आपल्याकडे असाच माणूस असतो. पान दाखवलं की न बघता चार बाटल्या देणारा, उधार देणारा, रात्रीही दार उघडणारा. करपा आहे की कडा करपा आहे हे तो विचारत नाही, जसं सुईवाल्यानं रक्त तपासलं नाही. बुरशीचा करपा आणि जिवाणूचा कडा करपा, दोन्हीला औषध वेगळं, एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही. उधार घ्या, कुणाची अडचण असतेच, पण पक्कं बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहून घ्या, पिशवी-बाटली जपून ठेवा. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायचं झालं तर यातलंच काही मागतात.

15 ऑगस्टला मालिका संपली, त्याच आठवड्यात आमची रोवणीही उरकली. पुढं डिसेंबरात दुसरा भाग आला, 2025 च्या जूनमध्ये 'मधला अध्याय' आला. गट आता तोच राहिला नाही. दोन सुना नागपूरला गेल्या, मावशीचं वाकणं बंद झालं, ती धुऱ्यावर बसून पेंढ्या मोजते.

तापलेली बाई ऑगस्टच्या शेवटी निंदणाला आली. अंगानं अर्धी झालेली. मी म्हटलं, सावलीत बस, हजेरी लावतो. ती बांधीत उतरली आणि भाग सांगणारीला म्हणाली, "वीस दिवस दवाखान्यात आन् घरी होतो, घरचा टीव्ही बंद होता. कोर्टापासून सांग. काई सोडू नको." ते सांगून होईपर्यंत तीन बांध्या निंदून झाल्या, आणि त्या तिन्हीत सावा धानासारखाच उभा राहिला होता. मी नंतर एकटा जाऊन उपटला.