पागनीसांचा चेहरा

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ मी मोठ्या पडद्यावर कधीच पाहिलेला नाही. १९३६ सालचा हा बोलपट आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी आला तो बर्डीच्या बाजारातून भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर. दोन तासांहून मोठा सिनेमा, म्हणून दोन तबकड्या; अर्ध्यात उठून दुसरी घालायची. मे महिना, कूलरची घरघर, आणि अभंग नीट ऐकू यावेत म्हणून आई आवाज वाढवायला सांगायची. चित्र अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. तरी तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचे डोळे थेट पोचायचे.

२००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा भाड्याचं दुकान सुटलं आणि घरातलं कपाट भरू लागलं. डीव्हीडीत ठिपके चौपट. पागनीसांच्या कपाळावरच्या आठ्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

पुढे एचडी आलं, १९२० बाय १०८०, म्हणजे व्हीसीडीच्या वीसपट ठिपके. क्रिकेटसाठी याला तोड नाही. १२ मार्च २०११ला नागपूरजवळच्या जामठ्यात सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १११ धावा केल्या, तो सामना आम्ही जुन्याच टीव्हीवर पाहिला, आणि त्याची हळहळ अजून आहे. एचडीवर चेंडूची शिवणसुद्धा दिसते.

सिनेमाचं मात्र वेगळं. एकदा एका एचडी वाहिनीवर ‘संत तुकाराम’ लागला. जुन्या सिनेमाची चौकट जवळजवळ चौकोनी, टीव्ही रुंद. कडा रिकाम्या दिसू नयेत म्हणून चित्र आडवं ताणलेलं. देहूचा तो कृश वाणी चांगला गुबगुबीत झालेला, आणि खाली जाहिरातीची पट्टी सरकतेय. मूळ टेपच जुनी असली की एचडीचा शिक्का काय कामाचा? नसलेले ठिपके यंत्र अंदाजाने भरतं. त्यात उपग्रहाची जागा अनेक वाहिन्यांनी वाटून घ्यायची, म्हणून चित्र दाबून पाठवतात. वाहतं पाणी किंवा पळती गर्दी आली की पडद्यावर चौकडे उठतात. आणि जूनमध्ये नागपूरवर काळे ढग दाटले की डिशच गप्प होते, कारण त्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. ब्लू-रे तबकडीचं तसं नाही. तिच्यातली २५ किंवा ५० जीबी जागा सगळी एकाच सिनेमाची.

पण प्रभातची ब्लू-रे मला बर्डीवर कधी दिसली नाही. जानेवारी २००३मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागली आणि नायट्रेटवरच्या कितीतरी जुन्या फिती गेल्या, त्यात प्रभातच्याही होत्या. म्हणून जे उरलंय त्याची मला फार काळजी वाटते. उरलेल्या सर्वांत चांगल्या प्रतीवरून, मूळ चौकटीत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवून एक तबकडी निघावी. आणि वाहिन्यांनी तीच प्रत, तशीच, न ताणता दाखवावी.