प्रल्हादपंतांची बाजू

कोडोली

चि. वकीलबाईस,

वाचनालयातलं तुझं भाषण सगळ्यांना आवडलं. तुझी आई तर अजून शेजारणींना सांगत फिरतेय. मलाही आवडत होतं, एका वाक्यापर्यंत. न्यायाधीशानं राजकारणाला शिवू नये ही आपली रामशास्त्र्यांपासूनची रीत आहे, असं तू म्हणालीस. मी खालून प्रल्हाद निराजींचं नाव घेतलं, तर "ते दरबारी गृहस्थ हो, काका" म्हणून हसलीस आणि पुढं गेलीस. वर टाळ्याही घेतल्यास. त्या टाळ्या मला झोंबल्यात. फोन केला असता, पण तू मध्येच "बरं, बरं" करून विषय बदलतेस. तुझ्या बापाचीच सवय.

रामशास्त्र्यांविषयी मी वाकडं बोलणार नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस तो. पण 1773 साली पुण्यात राज्य जागच्या जागी होतं. शास्त्रीबोवांना कचेरी सोडून जाता आलं आणि पुढं बोलावणं आल्यावर परत येता आलं. प्रल्हादपंतांना सोडायला कचेरीच राहिली नव्हती.

मुळापासून ऐक. त्यांचे वडील निराजी रावजी म्हणजे शिवाजी महाराजांच्या 1674 च्या अष्टप्रधानांतले न्यायाधीश. आठांपैकी पंडितराव आणि न्यायाधीश या दोघांनाच लढाईवर जाण्याची सक्ती नव्हती, हे तुमच्या लॉ कॉलेजात शिकवत असतील तर आनंद आहे. म्हणजे या घराला बसून राहायची मुभा होती! पोरगा बसला नाही. तो गोवळकोंड्याला थोरल्या महाराजांचा वकील झाला. तिथं मादण्णा पंतांचा कारभार. 1677 त महाराज कर्नाटकच्या स्वारीवर निघाले तेव्हा कुतुबशहानं पैसा दिला, तोफखाना दिला. शहा एका सकाळी खूश झाला म्हणून काही हे घडत नाही. आधी कुणीतरी तिथं महिनोन्‌महिने बसून बोलणी केलेली असतात.

उलटतपासणीत तू 1680 काढणारच, म्हणून मीच काढतो. महाराज गेल्यावर संभाजीराजांना पन्हाळ्यावर धरायला जी मंडळी निघाली, त्यांत मोरोपंत आणि अण्णाजींबरोबर प्रल्हादपंतांचंही नाव घेतात. हंबीररावांनी तो डाव उधळला. हा डाग मी पुसत नाही. पण पुढं त्याच संभाजीराजांच्या कारकिर्दीत हे न्यायाधीश झाले, तेही लिहून ठेव.

आता 1689. मार्चमध्ये संभाजीराजांना मारलं. रायगडाला वेढा. राजाराम महाराज एप्रिलमध्ये गडाबाहेर पडले, प्रतापगड करत आपल्या पन्हाळ्यावर आले आणि सप्टेंबरअखेर इथूनच जिंजीला निघाले. उघड नव्हे, वेष पालटून. सोबत मोजकी माणसं. त्यांत खंडो बल्लाळ, आणि त्यांत हा तुझा दरबारी गृहस्थ. बिदनूरच्या राणी चन्नम्मानं औरंगजेबाचा रोष पत्करून वाट दिली. ही मंडळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिंजीत पोचली आणि त्याच सुमारास रायगड पडला. येसूबाईसाहेब आणि बाळ शाहू मोगलांच्या हाती गेले. राजधानी नाही, खजिना नाही, मुलूख शत्रूच्या घोड्यांखाली. तिथं शेकडो कोसांवर परक्या भाषेच्या मुलखात दरबार मांडायचा होता. त्यासाठी अष्टप्रधानांच्या वर प्रतिनिधी हे नवं पद काढलं आणि ते प्रल्हादपंतांना दिलं. पुढच्या वर्षी मोगलांचा झुल्फिकारखान जिंजीला वेढा घालून बसला. 1694 च्या सुमारास पंत वारले. 1698 त जिंजी पडली, ते त्यांना बघावं लागलं नाही.

अशा वेळी "मी न्यायाधीश, माझा राजकारणाशी संबंध नाही" म्हणून हा माणूस पन्हाळ्यावर बसला असता, तर तू त्याला रामशास्त्री म्हणाली असतीस काय? बोल.

मात्र माझा खरा राग त्याच दरबारावर आहे, आणि तो मी आयुष्यभर बोलत आलोय. फौजा धरून ठेवायला पैसा नव्हता, म्हणून जिंजीहून कागद सुटले. थोरल्या महाराजांनी जहागिरी तोडायचा चंग बांधला होता. इथं सरंजाम आणि वतनं वचनावर निघाली. 1691 त हणमंतराव घोरपड्यांना लिहून दिलं की रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली जिंकल्यावर एकूण 6 लाख होनांचा सरंजाम! दिल्ली! स्वतः वेढ्यात बसलेल्या दरबारानं! पत्रं राजाराम महाराजांच्या नावाची, पण दरबाराचा कारभार कुणाच्या हाती होता? ज्यानं लोकांचे कागद खरे-खोटे ठरवायचे, त्याच्यावर असले कागद काढायची पाळी आली. इकडे हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अमात्यही तेच करत होते, आणि 1715 च्या आज्ञापत्रात त्यांनीच वतनदारांविषयी कसं बजावलंय ते तू वाचलंयस. त्या कागदांनी राज्य वाचलं, हे मी नाकारत नाही. पण अडचणीत दिलेला कागद अडचण सरल्यावर कोण परत आणून देतो? वतनं मुरली ती मुरलीच. मुलकी पाटील जायला 1962 चा कायदा यावा लागला. आणि कागद गेले तरी भांडणं कुठं गेली? आपल्याच थोरल्या मळ्याचा दावा घे. नको, त्यावर लिहीत नाही, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय तेवढं पुरे.

आता मुद्द्याचं. एस.टी. स्टँडसमोर तुझा डिजिटल फलक लागलाय. 'भावी जिल्हा परिषद सदस्या'. हात जोडलेला फोटो, पाठीमागं सतरा पुढारी. भाषणात रामशास्त्री आणि स्टँडवर हे? न्यायाधीशाची पूर्वपरीक्षा तू पास झालीयस, मुख्य परीक्षा तोंडावर आहे. कोल्हापूरच्या सर्किट बेंचसाठी तुमच्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. ऑगस्ट 2025 मध्ये ते सुरू झालं तेव्हा तू इथं पेढे वाटलेस. मग आत्ताच हे निवडणुकीचं कुणाच्या डोक्यातून आलं? तुझ्या की त्या सतरांच्या? तू उभी राहिलीस तर घरच्यांना अभिमान वाटेल, मलाही वाटेल, खोटं कशाला बोलू. पण पंतांवर राज्य बुडायची वेळ आली होती. तुझ्यावर कसली आलीय? आणि ही माणसं तुझ्याकडून आधी काय काय लिहून घेतील, कुणाला काय काय कबूल करायला लावतील, या विचारानं मला रात्री झोप येत नाही. उद्या त्यांतलाच कुणी पक्षकार म्हणून तुझ्यासमोर उभा राहिला तर?

तेव्हा एवढं ऐक. मुख्य परीक्षा होईपर्यंत कुणाच्याही लेटरहेडवर सही करू नकोस, आणि तो डिजिटल उतरवायला सांग. त्या पोरांना तुला सांगता येत नसेल तर मी सांगतो.

तुझा काका