दोरी ओढा, बाबा!

शनिवारी सकाळी साडेदहाला माझ्या ऑफिसमधली मंडळी एकतर झोपलेली असतात, नाहीतर ब्रंच कुठे करायचा यावर ग्रुपवर भांडत असतात. २०२४ च्या मे महिन्यातल्या त्या शनिवारी मी मात्र मुलुंडला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फतकल मारून बसले होते आणि समोर फरशीवर साबुदाणा सांडावा तशी काच पसरली होती. पाच सेकंदांपूर्वी ती आमच्या पद्मिनीची मागची काच होती.

बाबा दोन पावलं मागे उभे होते. काही बोलले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं.

आमची पद्मिनी १९८४ ची. बँकेतल्या नोकरीवर बुकिंग करून, वर्षानुवर्षं वाट बघून घेतलेली. आपण आज डिलिव्हरी दोन दिवस लेट झाली तर कस्टमर केअरला फोन करतो, त्यामुळे हा प्रकार आपल्याला कळणं कठीणच. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, फियाट ११०० च्या घराण्यातली, १०८९ सीसीची ही गाडी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. १९७४ पासून तिचं नाव ‘पद्मिनी’. मुंबईने तिला काळ्यापिवळ्या रंगात जास्त बघितलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी त्या टॅक्स्याही रस्त्यावरून गेल्या. ती बातमी आली त्या दिवशी बाबा कुणाला न सांगता खाली गेले आणि तासभर गाडी पुसत बसले. डाव्या हाताने. कारण त्याआधी वर्षभर त्यांना पॅरालिसिसचा सौम्य झटका येऊन गेला होता. चालणं-बोलणं परत आलं, उजव्या हाताची पकड आली नाही. ड्रायव्हिंग बंद.

आणि मी त्याच आठवड्यात जेवताना म्हणून गेले होते, ‘‘आता द्या ना भंगारात, कुबट वास येतो नुसता.’’ त्यानंतर घरात गाडीचा विषय निघेनासा झाला. म्हणजे मी काढायचे, ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

तर हा कुबट वास. दर पावसाळ्यात मागच्या सीटखालचं कार्पेट भिजायचं. आम्ही वर्षानुवर्षं दारांना दोष दिला. दारांची रबरं दोनदा बदलली. एकदा एका गॅरेजवाल्याने ‘पक्का इलाज’ म्हणून मागच्या काचेभोवती सिलिकॉनचा जाड थर थापला. व्हिनेगरसारखा वास मारतो ना, तो. हा वास म्हणजे अॅसिटिक अॅसिड, आणि उघड्या पत्र्याला ते गंज चढवतं. वर गंमत म्हणजे सिलिकॉनने बाहेरचं पाणी अडत नव्हतंच, फक्त आत शिरलेलं बाहेर पडायचं बंद झालं. एप्रिलमध्ये मी सहज म्हणून मागच्या काचेखालचं रबर बोटाने दाबलं, तर ते बिस्किटासारखं तुटलं आणि आतून तपकिरी पाणी आलं. एप्रिलमध्ये!

का कोण जाणे, मी वर जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला.

जुन्या गाड्यांच्या काचा आजच्यासारख्या चिकटवलेल्या नसतात, हे मला तेव्हा कळलं. काचेभोवती रबराची एक जाड फ्रेम असते. तिच्या एका खाचेत काच बसते, दुसऱ्या खाचेत बॉडीच्या पत्र्याची कड. सगळा भार त्या रबरावर. चाळीस वर्षांत रबर कडक होतं, आकसतं, आणि सगळ्यात आधी खालच्या कोपऱ्यांत हार मानतं, कारण पाणी तिथेच साचतं. बाबांच्या सांगण्यावरून मी रबराची बाहेरची ओठासारखी कड कटरने कापून टाकली आणि काच आतून हलकेच ढकलली. अलगद निघाली. खालचा पत्रा बघून मात्र पोटात गोळा आला. सुदैवाने आरपार भोक नव्हतं. पुढचे दोन वीकेंड तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, प्राइमर, रंग. माझ्या नखांची वाट लागली. सोमवारच्या प्रेझेंटेशनला मी हात टेबलाखाली ठेवून बोलत होते.

आणि मग तो शनिवार. काच पुसून झाली होती, मी ती उचलून गाडीला टेकवायला गेले आणि तिचा खालचा कोपरा फरशीवर टेकला. टेकला म्हणजे, जरासा जोरात टेकला. ही टफन्ड काच. सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली. तिचा पृष्ठभाग आवळलेला असतो आणि आतलं पोट ताणलेलं. मधोमध बुक्की मारली तर कदाचित ढिम्म राहील, पण कडेला लागलं की एका क्षणात साबुदाणा. अशी काच नंतर कापताही येत नाही. त्यामुळे कुठलीही काच आणून मापाने कापून घ्या, हा पर्याय बाद. हवी ती नेमकी तीच.

कचरा भरून झाल्यावर बाबा एवढंच म्हणाले, ‘‘कुर्ल्याला बघू.’’

कुर्ल्याचा सीएसटी रोड ज्यांनी बघितला नाही त्यांनी एकदा बघावा. मॉलमध्ये जाऊन कंटाळला असाल तर नक्कीच. दुकानांबाहेर दारं, बंपर, दिवे, गाड्यांचे अख्खे चेहरे टांगलेले. पद्मिनी बनली तो कारखाना इथून लांब नाही. कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव राहिलं. चार दुकानांत ‘नहीं है मॅडम’ ऐकलं. पाचव्यात एका चाचांनी आधी बाबांच्या हाताकडे बघितलं, मग त्यांना स्टूल दिलं, मग म्हणाले, ‘‘टॅक्सी की निकली हुई है, चलेगी?’’ मी सोबत नवं रबर नेलं होतं. बाबांनी ते दुकानातच काचेवर चढवून बघायला लावलं. चारही कोपरे बसले. काचेच्या वरच्या बाजूला कुठल्यातरी देवाच्या स्टिकरचा डिंक अजून होता. परत येताना उबरमध्ये काच आमच्या दोघांच्या मांडीवर, आणि ड्रायव्हर प्रत्येक स्पीडब्रेकरला आरशात बघून ‘सांभाळून हां काका’ म्हणत होता.

बसवण्याची ट्रिक इतकी सोपी आहे की आधी विश्वास बसत नाही. रबर आधी काचेवर चढवायचं. मग पत्र्यासाठी असलेल्या खाचेत चौफेर एक गुळगुळीत नायलॉनची दोरी घालायची आणि तिची दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून वीतभर नेऊन गाडीच्या आत सोडायची. रबराला आणि पत्र्याला साबणाचं पाणी. तेल किंवा ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. बाबांनी रबर सकाळपासून उन्हात ठेवायला लावलं होतं, त्यामुळे ते मऊ झालं होतं. आता एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. दोरी निघत जाते तशी रबराची आतली कड पत्र्यावरून उलटून आत येते.

प्रश्न होता कोण कुठे? बाहेरून दाबायला दोन धड हात हवेत. म्हणजे मी. आत बाबा.

‘‘मला जमणार नाही,’’ ते म्हणाले. मग मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले आणि दोरीचं एक टोक डाव्या हाताला दोनदा गुंडाळलं.

मी तळवे पसरून दाबलं. ‘‘दोरी ओढा, बाबा!’’ पहिली सहा इंचं सरसर आली. मग कोपरा. कोपऱ्यावर दोरी अडली. ते ओढतायत, मी दाबतेय, रबर ढिम्म. ‘‘अगं, जिथे मी ओढतोय तिथे दाब, मधे काय दाबतेस!’’ दोन वर्षांनी ते माझ्यावर ओरडले. मी हात सरकवला. त्यांनी दोरी स्वतःकडे न खेचता काचेच्या मध्याच्या दिशेने तिरकी धरली आणि कोपरा पट्कन आत गेला. मधे एकदा रबराची कड दुमडली, ती त्यांनी चमच्याच्या दांड्याने वर काढली. चमचा उजव्या हातात धरून. दोनदा निसटला. मी काचेतून बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

वरची बाजू शेवटी. दोरीचं टोक सुटून त्यांच्या हातात आलं तेव्हा ते मागे सीटवर धपकन बसले. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. तो अर्ध्या तासापासून उभा होता, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

सीलिंग दुसऱ्या दिवशी, रबर नीट स्थिरावल्यावर. कधीच कडक न होणारं काळं सीलंट, बारीक तोंडाच्या नळीने, रबराची कड उचलून आत भरायचं. आधी काच आणि रबर यांच्यामध्ये, मग रबर आणि पत्रा यांच्यामध्ये. काचेवर मास्किंग टेप लावली होती म्हणून वाचले, नाहीतर माझ्या कुर्त्यासारखीच काचेची अवस्था झाली असती.

मग पाण्याची परीक्षा. बाबा आत, टॉर्च आणि टाल्कम पावडरचा डबा घेऊन. रबराच्या आतल्या कडेला पावडर भुरभुरलेली, म्हणजे थेंब आला की रेघ दिसते. मी बाहेर पाइप घेऊन. आधी खाली, हळू धार. पाच मिनिटांनी बाजूला. मग वर. एकदम सगळीकडे पाणी मारलं की गळतंय हे कळतं, कुठून ते कळत नाही.

खाली कोरडं. डावीकडे कोरडं. उजवीकडे वर पोचले तेव्हा आतून काचेवर टकटक झाली. वरच्या उजव्या कोपऱ्यात पावडरवर एक बारीक ओली रेघ उतरली होती.

मी पाइप बंद केला आणि टेकून उभी राहिले. फार म्हणजे फार वैताग आला होता. बाबांनी काच खाली केली, म्हणजे बाजूची, आणि डोकं बाहेर काढलं. पावडर भुवयांपर्यंत.

‘‘एवढंच आहे,’’ ते म्हणाले. ‘‘सुकू दे. उद्या ऑफिसमधून किती वाजता येतेस?’’