कोयनेचा कातळ

कराडहून चिपळूणकडे निघालेली एस.टी. पाटण सोडते आणि दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येऊ लागतात. सह्याद्री मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. पण कोयनेच्या खोऱ्यात तो जितका स्वस्थ बसलेला दिसतो, तितका दुसरीकडे कुठे दिसला नाही. दसरा नुकताच झाला होता. भात कापणीला आले होते. त्या काळ्या कातळाकडे पाहून कोणीही म्हणावे, की जगात सारे हलेल, पण हा हलायचा नाही. एके काळी भूगर्भशास्त्राचे मोठमोठे पंडितही असेच म्हणत. दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी. भूकंप व्हायचा तो हिमालयाच्या पायथ्याशी!

कोयनानगरला उतरलो आणि नेहरू उद्यानात गेलो. तिथून धरण चांगले दिसते. शेजारी एका शाळेची सहल आली होती. गुरुजी मुलांना समोरच्या डोंगराच्या पायऱ्या दाखवीत होते. हा दगड ज्वालामुखीचा, असे त्यांनी सांगताच एक चुणचुणीत पोर म्हणाले, "मग गुरुजी, ज्वालामुखीचं तोंड कुठाय?"

प्रश्न मला फार आवडला. चित्रातला ज्वालामुखी म्हणजे शेंड्यातून धूर सोडणारा सुळका. तसा सुळका इथे शोधून सापडायचा नाही. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी उकलली आणि पाट फुटून शेतात पाणी पसरावे तसा पातळ लाव्हा चहूकडे पसरला. तो निवाला, त्यावर माती धरली, की पुन्हा नवा लोट. घाटरस्त्याला डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या थरांच्या मधे तांबड्या मातीची रेघ दिसते ना, ती पुष्कळदा अशी वरच्या लाव्ह्याने भाजलेली जुनी जमीन असते. आज उरलेला हा कातळच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो. जवळच्या गोठणे गावी शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले, तेव्हा सव्वा किलोमीटरपर्यंत हाच काळा दगड लागला आणि त्याखाली एकदम फार जुना ग्रॅनाइटी खडक.

त्या काळी हा मुलूख आजच्या जागी नव्हताच. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात होता. ज्या तप्त जागेवरून तो सरकत आला, तिच्यावर आज रेयुनियन नावाचे बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या भूपट्टांचे बनलेले असून आपला भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो आहे. पुढे आशियाची भिंत. ती रेटता रेटता हिमालय उभा राहिला. पण हा रेटा फक्त हिमालयालाच बसतो असे नाही. तो साऱ्या पठाराच्या अंगात भरून राहतो आणि जुन्या भेगांपाशी दबा धरून बसतो.

कोयनेच्या पोटात अशाच भेगा आहेत. शिवसागरात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि थोड्याच दिवसांत खालून गुरगुर सुरू झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. धरणाच्या माथ्याकडच्या भागाला भेगा पडल्या, पण धरण उभे राहिले. नंतर त्याला पाठीमागून आधार देऊन मजबूत करण्यात आले. धरणाने भूकंप घडवला असे जो तो म्हणतो. मला ते अर्धेच खरे वाटते. ताण भूपट्टाचा, पाण्याने आपल्या वजनाने आणि भेगांत मुरलेल्या दाबाने अडकलेला खडक सैल केला. अजूनही पावसाळ्यानंतर जलाशय भरला, की बारीक धक्के वाढतात. पाचच्या पुढचे धक्केच आजवर वीसहून अधिक झाले आहेत. आणि गंमत पाहा, कोयना हादरली त्याच सुमारास भूपट्टांचा सिद्धांत शास्त्रज्ञांच्या हाती आकार घेत होता. इथल्या माणसाला आपले घर कशाने पडले हे सांगणारे शास्त्रच अजून नवेनवे होते.

संध्याकाळी रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवालीचे वय सत्तरीला टेकलेले. भूकंपाचे नाव काढताच ती स्टोव्ह बारीक करून माझ्याकडे वळली.

"म्या धा वर्साची हुते," ती म्हणाली. "आदी आवाज आला. भुईतनं धा मोटारी एकदम निघाल्यागत. मग सगळं घर उचलून आपटलं. आमची आज्जी चुलीपाशी निजायची, तिच्यावर भिताड आलं. उजाडल्यावर काढली तिला. थंडीचं दिस, आमी शेतात झाप घालून ऱ्हायलो."

"आणि आता, मावशी?"

"आता काय! बारका असला तर पत्रा वाजतो. कुत्री आदी वरडत्यात म्हंत्यात, पर आमचं कुत्रं झोपलेलंच असतं."

मी हसलो, तीही हसली. तिने कपात आणखी घोटभर चहा ओतला. गाव सोडावेसे कधी वाटले नाही का, असे विचारले तेव्हा मात्र तिने चेहरा गंभीर केला.

"जायाचं कुठं, पाव्हणं? शेत हितं, माणसं हितं. जड भांडं तेवढं वरच्या फळीवर ठेवत न्हाई आमी."

टपरीमागेच तिचे घर होते. उघड्या दारातून आतली फळी दिसली. तिच्यावर फक्त प्लॅस्टिकचे डबे होते. पितळेची घागर, हंडा आणि तांब्याचा बंब खाली भिंतीशी ओळीने मांडलेले होते.