पहाटेच्या वेळी मैदान रिकामेच असते

या रविवारीही ताईचा फोन आला नाही. लागोपाठ चौथा रविवार. एरवी साडेनऊच्या ठोक्याला येतो आणि 'काय करतोयस?' पासून सुरू होऊन तूरडाळीच्या भावापर्यंत जाऊन थांबतो. फोन का येत नाही ते मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक आहे. घरातले बरेच जण हे वाचतात आणि त्यांच्या कानावर दोन्हीकडून काही ना काही गेलेलं आहेच, तेव्हा एकदा सगळं नीट लिहूनच काढतो.

तर झालं असं. ताईचा धाकटा फुटबॉल खेळतो. बारामती-इंदापूरकडच्या माणसाला हे वाक्य पचायला जरा वेळ लागतो. आमच्याकडे पोरगं कुस्ती खेळतं, कबड्डी खेळतं, क्रिकेट तर खेळतंच. (फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामना झाला, तेव्हा आमच्या भावकीतले दोघे उसाला पाणी द्यायचं सोडून चारही दिवस तिथे जाऊन बसले होते.) फुटबॉल म्हणजे कोल्हापूरचं खूळ, पाटाकडील आणि दिलबहारवाल्यांचं, असाच आमचा समज. पण काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक क्लब निघाला आणि बघता बघता साठ-सत्तर पोरं झाली.

मैदान कुठलं आणि क्लब कुठला ते लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांना ते कळून काही उपयोग नाही. सरकारी पैशातून झालेलं मैदान, भोवती चारशे मीटरची मातीची धावपट्टी, एका बाजूला पायऱ्या आणि उद्घाटनाची भलीमोठी कोनशिला. उद्घाटनानंतर पुढच्या पावसाळ्यातच तिथे वेड्या बाभळी उगवल्या. संध्याकाळी बाटल्या घेऊन बसणारे बसायला लागले. क्लब आला त्यानंतर. क्लबच्या पोरांनी बाभळी काढल्या, पालकांनी वर्गणी काढून गवत लावलं, पाण्यासाठी बोअरला मोटर बसवली, गोलपोस्ट उभे केले. हे सगळं मी पाहिलेलं आहे, आणि ते नाकारायचा माझा मुळीच विचार नाही. ताई वाचत असशील तर हे वाक्य दोनदा वाच.

एके दिवशी ताईचा फोन. "अरे, तुझं मराठी चांगलं आहे, एक अर्ज लिहून दे. सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी साडेचार ते सात मैदान क्लबला राखून हवंय. सरावाच्या वेळी बाकीची माणसं मधूनच जातात, परवा एका बाईला बॉल लागला. भाडं भरतोच की आपण."

मला फार बरं वाटलं. एक तर कोणी 'तुझं मराठी चांगलं आहे' म्हटलं की मी कशालाही तयार होतो. शिवाय मी घरातला फुटबॉल-तज्ज्ञ. त्यासाठी माझी पात्रता एवढीच की मी बालेवाडीत राहतो आणि शिवछत्रपती क्रीडानगरी माझ्या गच्चीतून दिसते. २०१४ ते २०१९ या काळात एफसी पुणे सिटी तिथे इंडियन सुपर लीग खेळायचा. भाच्याला मी तिथे दोनदा नेलं होतं. केशरी जर्सी घेऊन दिली होती. मला आठवतं ते वेगळंच. आपण बसतो तिथून मैदान लांब, कारण मधे धावण्याचा ट्रॅक. भाचा सारखा विचारायचा, "मामा, मधे हे कशाला आहे?" मी सांगितलं, "हे पळणाऱ्यांचं आहे, फुटबॉलवाले पाहुणे आहेत." ते स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या वेळचं. २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, २०१३ मध्ये आशियाई अॅथलेटिक्स. माझं ते उत्तर बरोबरच होतं. अर्ज लिहिताना मात्र ते आठवलं नाही.

अर्ज झकास झाला. 'ग्रामीण भागातील क्रीडागुणांना वाव', 'व्यसनमुक्त पिढी' वगैरे सगळं घातलं. आणि तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य टाकलं: 'पहाटेच्या वेळी मैदान रिकामेच असते.' हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ताईनेही नाही. परिच्छेद जरा लंगडा वाटत होता, म्हणून माझ्याच डोक्यातून ते आलं. बालेवाडीत बसून मी तिथल्या पहाटेबद्दल लिहिलं.

अर्ज मंजूर झाला. फाटकाला कुलूप आलं, किल्ली क्लबकडे.

पुढच्या महिन्यात चुलतभावाकडे जागरण-गोंधळ होता, म्हणून गावी गेलो. रात्रभर जागरण झालं, आणि पहाटे पाचच्या सुमारास पाहतो तर पुतणी बूट घालून निघालेली. तिची पोलीस भरतीची तयारी चालली आहे. हे माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, मुलांना ८०० च्या जागी १६००. मैदानीत मागे पडलं की लेखीपर्यंत पोचायचीच मारामार. आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही गावात पहाटे उठून पाहा, दर दोन-चार घरांआड कोणीतरी पळत असतं. कोरडवाहू दोन एकर आणि चार भावंडं असली की वर्दी हा छंद राहत नाही.

"कुठे पळतेस?" मी विचारलं.

"आता कॅनॉलच्या रस्त्याने. आधी मैदानावर जायचो सातआठ जणी, बाबा गाडीवर सोडायचे. आता कुलूप असतं."

"आणि कॅनॉलवर एकटीच?"

"बाकीच्या दोघींना घरचे सोडत नाहीत. अंधार असतो ना."

तो रस्ता मी ओळखतो. नीरा डावा कालव्याच्या कडेने जाणारा. गळिताचा हंगाम होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर टेपवर गाणी. हंगामात आमच्याकडे त्या ट्रॉल्यांना धडकून दरवर्षी कोणी ना कोणी जातं. त्या रस्त्याने एकोणीस वर्षांची पोर अंधारात एकटी पळते, कारण मैदान बंद आहे.

मग जाता जाता ती म्हणाली, "काका, क्लबवाल्यांचा अर्ज कोणीतरी भारी लिहिलाय म्हणे. त्यात लिहिलंय की सकाळी तिथे कोणी नसतंच."

मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

पुण्याला परतल्यावर पंधरा दिवस मी याच विषयावर वाचत होतो. (अपराधी वाटलं की माझं वाचन वाढतं.) जगात हे भांडण किती ठिकाणी झालंय ते पाहून थोडा दिलासाही मिळाला. सगळ्यात मोठं लंडनचं. २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी जनतेच्या पैशातून बांधलेलं स्टेडियम नंतर वेस्ट हॅम क्लबला दिलं, २०१६ पासून, ९९ वर्षांसाठी, भाडं वर्षाला सुमारे २५ लाख पौंड. स्टेडियम फुटबॉलजोगं करायला खर्च आला ३२ कोटी ३० लाख पौंड आणि त्यात क्लबचा वाटा दीड कोटी. सुरुवातीला करार गुप्त होता. चौदा क्लबांच्या समर्थक संघटनांनी मिळून तो उघड करण्याची मागणी लावून धरली, माहितीच्या कायद्याखाली प्रकरण लढवलं गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये कागद बाहेर आले. तेव्हा कळलं की गोलपोस्ट आणि कोपऱ्यातल्या झेंड्यांचा खर्चसुद्धा जनतेच्या खात्यातून व्हायचा होता!

पण त्याच करारांच्या भेंडोळ्यात एक गोष्ट मला फार आवडली. उन्हाळ्यातले काही आठवडे ते स्टेडियम अॅथलेटिक्सला द्यायचं, हे आधीच लिहून ठेवलेलं. त्यामुळे २०१७ मध्ये तिथे जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा झाली (उसेन बोल्टची शेवटची), तेव्हा एवढ्या मोठ्या क्लबला मोसमातले पहिले तिन्ही सामने दुसऱ्यांच्या मैदानांवर जाऊन खेळावे लागले. कागदावर होतं, म्हणून.

दुसरं कोचीचं. तिथलं नेहरू स्टेडियम विकास प्राधिकरणाचं, म्हणजे पुन्हा सार्वजनिकच. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी तिथे फुटबॉलची खास हिरवळ केली, केरळ ब्लास्टर्स तेव्हा तिथेच खेळायचे. २०१८ मध्ये भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना तिथे घ्यायचा ठरत होता, म्हणजे त्या हिरवळीच्या मधोमध क्रिकेटची खेळपट्टी खणायची. फुटबॉलप्रेमी खवळले. आणि फुटबॉलच्या बाजूने जाहीरपणे बोलला कोण, तर आपला सचिन! तेव्हा ब्लास्टर्समध्ये त्याची मालकी होती हे खरं, पण तरी क्रिकेटला 'इथे नको' सांगणारा सचिन म्हणजे गंमतच. शेवटी १ नोव्हेंबर २०१८ चा तो सामना तिरुवनंतपुरमला झाला. त्या वेळी मी फुटबॉलवाल्यांच्या बाजूने होतो. आजही आहे. बारा महिने जो गवत सांभाळतो त्याचा त्या गवतावर काहीतरी हक्क असतोच.

हाच माझा घोळ आहे. क्लब खोटा नाही. त्यांनी मोटर बसवली नसती तर तिथे आजही बाभळी असत्या. पण बाभळी असतानाही त्या मुली कडेकडेने पळत होत्याच की. त्यांनी वर्गणी काढली नाही कारण त्यांच्याकडे वर्गणी नव्हती.

आणि क्लब जातातही. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला, लीगमधली त्यांची जागा हैदराबादला गेली. भाच्याची केशरी जर्सी आता ताई गाडी पुसायला वापरते. बालेवाडीचा ट्रॅक मात्र तिथेच आहे. जून २०२१ मध्ये तिथे नेत्यांच्या ताफ्यातल्या गाड्या ट्रॅकच्या आत जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा केवढा गहजब झाला होता, क्रीडा आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली होती. मीही तेव्हा तावातावाने चार जणांना मेसेज पाठवले होते. मोटारींपेक्षा कुलूप बरं, असं काही आहे का?

तर मी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी लिहिण्याआधी गावी गेलो, पहाटे पावणेपाचला मैदानाच्या फाटकाबाहेर उभा राहिलो आणि मोजलं. पावणेसहापर्यंत एकवीस जण येऊन कुलूप बघून परत गेले. म्हणजे कुलूप आहे हे कळूनही अजून येतच होते. चुलतभावाने माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून: क्लबशी झालेल्या कराराची प्रत मिळावी. उत्तर आलं, लेखी करार नाही. भाड्याच्या पावत्या आहेत आणि माझ्या त्या अर्जावर 'मान्य' असा शेरा आहे. बास. लंडनला निदान लपवायला करार तरी होता.

दुसऱ्या अर्जात मी लिहिलं की पहिल्या अर्जातलं 'पहाटेच्या वेळी मैदान रिकामेच असते' हे विधान चुकीचं होतं आणि ते विधान मी स्वतः, खात्री न करता लिहिलं होतं. खाली नाव घातलं. इथेच ताई चिडली. "तुला मुलींसाठी अर्ज करायचा होता तर करायचा. आमचा अर्ज खोटा होता असं लिहायची काय गरज होती? आता सगळे म्हणतात क्लबने खोटं लिहून मैदान घेतलं. खोटं तू लिहिलंस." यावर माझ्याकडे उत्तर नाही. ती शंभर टक्के बरोबर आहे.

बैठक झाली. मी गेलो नव्हतो, चुलतभावाने सांगितलं ते लिहितो. आवाज चढले. एका पालकाने विचारलं, मोटरचं लाइटबिल मग भरतीवाले भरणार का? एका मुलीच्या वडिलांनी उत्तर दिलं, मैदानाची जमीन गावाने दिली तेव्हा कोणी बिल मागितलं होतं का? शेवटी ठरलं ते असं: साडेचार ते पावणेसात धावपट्टी सगळ्यांना, क्लब सातला सुरू करणार, किल्ली दोन, मोटरचं बिल तूर्त क्लबकडेच. हे तीन महिन्यांसाठी. लेखी आहे का, विचारलं, तर चुलतभाऊ म्हणाला, "लिहायला तुलाच सांगू म्हणत होते, मग नको म्हणाले." मी हसलो, पण फार नाही.

सातला सुरू केलं की शाळेची गडबड होते, त्यामुळे क्लबची बारा-पंधरा पोरं सकाळचं यायची बंद झाली आहेत. त्यात भाचाही. त्याची शाळेची बस साडेसातला येते. म्हणजे ज्याच्यासाठी पहिला अर्ज लिहिला त्याचाच सकाळचा सराव माझ्या दुसऱ्या अर्जाने गेला. ताईचा फोन न येण्याचं खरं कारण हे असावं, 'खोटं' हा शब्द नव्हे.

तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरला जाताना बेलवडीला गोल रिंगण होतं. (बालेवाडी आणि बेलवडी, माझं आयुष्य या दोन नावांमध्येच फिरतंय.) लहानपणी आम्ही बहीणभाऊ तिथे जायचो. अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती उचलायला सगळी गर्दी मधे धावायची, आणि ताई माझा हात इतका घट्ट धरायची की दुसऱ्या दिवशीपर्यंत मनगट दुखायचं. हे आज का आठवलं कोण जाणे.

काल भाच्याचा मेसेज आला. 'मामा, ८०० मीटरला ताई किती वेळ घेते?' इथे ताई म्हणजे पुतणी. मी म्हटलं तिलाच विचार. तर म्हणतो, विचारलं, सांगत नाही, म्हणते मैदानावर येऊन घड्याळ लाव. शनिवारी शाळेला सुट्टी आहे म्हणून जाणार आहे म्हणे, पाच वाजता. त्याच्या आईला उठवून गाडीवर सोडायला लावणार आहे.

रविवारी साडेनऊला मी फोन हातातच घेऊन बसणार आहे.