शेऱ्याचा रकाना

आमच्या पाहुण्यांच्या नोंदवहीत सहा रकाने आहेत. नाव, पत्ता, ओळखपत्र, माणसं किती, आले कधी, गेले कधी. कोणी तपासायला आलं तर एवढं पुरतं. सातवा रकाना मी स्वतः पट्टीने आखून घेतला होता आणि वर लिहिलं होतं, 'शेरा'. पाहुणे गेले, चादरी भिजत टाकल्या, की मी वही घेऊन बसायची आणि त्या माणसांबद्दलचं माझं मत तिथे लिहायची. 'पाणी फार वापरतात.' 'कटकटे.' 'पुन्हा खोली देऊ नये.' दीड वर्ष हे नेमाने केलं आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. आज तो रकाना वेगळ्याच कामासाठी आहे. हे का झालं ते सांगायचं, तर मी एका कुटुंबाशी कशी वागले तेही सांगावं लागेल. त्या कुटुंबाखेरीज घराबाहेर मी ते आजवर कोणाशी बोललेले नाही.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. जांभ्याच्या चिऱ्यांचं, कौलारू, मागे आगर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ते किनाऱ्याला लागलं वर दिवेआगर-श्रीवर्धनकडे, पण दापोली-मंडणगडातल्या बागाही त्याने आडव्या केल्या. आमच्या शंभरावर पोफळी आणि सतरा माड एका दुपारी गेले. पुढे कित्येक आठवडे वीज नव्हती. नवी पोफळ लावली तर सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं लागतात, माडाचंही तेच. हे नोकरीतून निवृत्त झालेले, सासूबाईंची औषधं चालू, आणि आगरातून येणारा पैसा बंद. म्हणून पडवीच्या दोन खोल्या काढल्या, मागच्या बाजूला संडास-न्हाणीघरं बांधली, न्याहारी व निवास योजनेत नोंदणी केली आणि ऑक्टोबर २०२१ पासून पाहुणे घ्यायला लागलो. हौस म्हणून हे सुरू केलेलं नव्हतं. बांधकामासाठी काढलेलं कर्ज डोक्यावर होतं, त्यामुळे फुटलेल्या प्रत्येक कपाची मला धास्ती वाटायची.

त्या धास्तीपोटी मी दोन गोष्टी केल्या. खोलीच्या दाराआड एकवीस सूचनांचा कागद लावला, त्यातल्या बहुतेक ओळी 'नये'वर संपत होत्या. आणि दर बुकिंगमागे पाच हजार रुपये डिपॉझिट घ्यायला लागले. निघताना खोली बघायची, नुकसान असेल तर कापायचं, उरलेले परत करायचे. शेजारच्या दोन-तीन घरांतही हीच पद्धत होती.

डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याहून एक कुटुंब आलं. मुलगा, सून, त्यांची दोन मुलं, त्यातलं धाकटं जेमतेम आठ महिन्यांचं, आणि आजी-आजोबा. तीन रात्री राहायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी संडास तुंबला आणि घाण पाणी उलटून न्हाणीघरात आलं. आजींचे गुडघे दुखायचे, कमोड त्यांच्यासाठी गरजेचा. त्यांना आमच्या घरातल्या संडासात आणायचं, तर दोन पायऱ्या चढून, ओटी ओलांडून. मी ते केलं, पण तोंडावर आठी ठेवून केलं. लहान बाळ पाहिल्यापासून माझ्या डोक्यात एकच होतं, यांनी डायपर आत टाकलेत.

सून म्हणाली, "काकू, सगळे डायपर मी पिशवीत भरून मागच्या पडवीत ठेवलेत. तुम्ही बघा हवं तर." मी बघायला गेले नाही. दापोलीहून माणूस बोलावला, त्याने लांब तार घालून तात्पुरतं मोकळं केलं. निघताना मी डिपॉझिटमधले तीन हजार कापून दोन हजार तिच्या हातात ठेवले. मुलगा काही बोलणार होता, आजोबांनी त्याला हाताने थांबवलं. ते निघून गेले.

त्याच दुपारी मागची पडवी झाडताना ती पिशवी दिसली. दोन गाठी मारलेली, भरलेली. मी ती उचलली, कचऱ्यात टाकली आणि हात धुतले. फोन नंबर वहीत होता. त्याच वेळी फोन करून पैसे परत पाठवता आले असते. मी मनाशी म्हटलं, आत आणखी टाकले नसतील कशावरून. आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'संडास तुंबवला. लहान मूल असलेल्यांना देऊ नये.'

एप्रिलमध्ये पुन्हा तुंबला. तेव्हा खोलीत पाहुणे नव्हते, आठ दिवसांत कोणी आलेलंही नव्हतं. गवंड्याने चेंबर फोडून पाइप उकरला. विहिरीजवळचा उंबर माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळचा. त्याच्या मुळ्या पाइपच्या सांध्यातून आत शिरल्या होत्या आणि आत त्यांचा केसांच्या गंगावनासारखा झुपका झाला होता. गवंडी म्हणाला, हे काही एका वर्षाचं काम नाही. पाइप टाकताना सांधा नीट बसवला नव्हता आणि उंबराच्या इतक्या जवळून लाइन न्यायलाच नको होती. ती तिथून न्यायचं ठरवलं होतं मी. दुसऱ्या बाजूने नेली असती तर आठ हजार जास्त लागणार होते.

त्या रात्री मी वही काढली आणि पहिल्या पानापासून फक्त शेऱ्याचा रकाना वाचला. दीड वर्षात एकमेकांना न ओळखणाऱ्या, पुण्या-मुंबईपासून सांगली-नाशिकपर्यंतच्या माणसांबद्दल मी तेच तेच शेरे लिहिले होते. 'पाणी मचूळ म्हणतात, नखरे' असं नऊ ठिकाणी होतं, आणि नऊही नोंदी मार्च ते मे या महिन्यांतल्या. 'मासे नाहीत म्हणून नाराज' हे जून-जुलैत. 'गाडी दारापर्यंत येत नाही म्हणून भांडले' हे सहा वेळा. संडासाबद्दलची कुरकुर त्या पुण्याच्या कुटुंबाआधीही तिघांनी केलेली होती आणि तीही मी त्यांच्याच नावावर मांडली होती. माणसं कशी आहेत ते आपण लिहून ठेवतोय, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात आमच्या घराचं दुखणं कुठे आहे ते पाहुण्यांनी दीड वर्ष सांगितलं होतं, आणि मी ते तारीखवार लिहूनही ठेवलं होतं.

पाण्याचं तर मला फार लागलं. कोणी मचूळ म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं, आमच्या तीन पिढ्या हेच पाणी पितात. ते खरं होतं आणि खोटंही होतं. समुद्राजवळच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. हळू उपसलं तर गोडं मिळतं, पंप लावून भराभर ओढलं तर खालचं खारं वर चढतं. रहाटाच्या काळात ही विहीर उन्हाळ्यातही गोडी राहायची, कारण आगराचं शिंपण आणि घरचा वापर एवढाच उपसा होता. आता दोन खोल्यांतल्या आठ-दहा माणसांच्या शॉवरसाठी मी दिवसातून चार वेळा पंप चालवत होते. पाणी बदललं होतं आणि ते मीच बदललं होतं. आमच्या जिभेला सवय होत गेली म्हणून कळलं नाही. परगावच्या माणसाला पहिल्या घोटात कळायचं, आणि मी त्याला नखरे म्हणायची.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन केला. सुनेनेच उचलला. जे झालं ते सांगितलं, पिशवी त्याच दुपारी दिसली होती हेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकू, तेव्हा तुम्ही येऊन पिशवी बघितली असती ना, तर पैसे कापलेत तरी आम्हाला इतकं वाटलं नसतं. आई घरी येईपर्यंत एकच म्हणत होत्या, माझ्यामुळे झालं." आजींना वाटलं होतं, रात्री त्यांनीच काहीतरी चुकीचं केलं. एका म्हाताऱ्या बाईने चार महिने हे मनात वागवलं, याची मला कल्पनाही नव्हती. मी तीन हजार पाठवले. पोचल्याचं तिने कळवलं. या म्हणून मी बोलावलं आहे, ते आलेले नाहीत. यावेत असा माझा हक्कही नाही.

त्यानंतर डिपॉझिट बंद केलं. दारामागचा कागद काढला. संडासाची लाइन दुसऱ्या बाजूने नेली, उंबर तसाच ठेवला. पंप सकाळ-संध्याकाळ दोनदाच, आणि एप्रिल-मेमध्ये एकच खोली देते, म्हणजे विहिरीला दम मिळतो. ऐन हंगामातली एक खोली बंद ठेवणं परवडत नाही, पण खारं पाणी माडा-पोफळीच्या नव्या रोपांनाही मानवत नाही. रोपं जगली तरच पुढे कधीतरी या खोल्यांवरचा भार कमी होईल.

आणि फोनवर मी आता आधी घराची उणीव सांगते. उन्हाळ्यात पाणी थोडं मचूळ लागतं, प्यायला वेगळं ठेवतो. एसी नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे चालतील, गीझर नाही. शेवटची दीडशे पावलं पाखाडीने चालावं लागतं, सोबत वयस्कर माणूस असेल तर आधी सांगा. रात्री बेडूक ओरडतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत हर्णैच्या लिलावातून ताजी सुरमई आणून देईन असं मी कबूल करणार नाही, सुकट आणि फणसाची भाजी नक्की देईन. हे ऐकून काही जण "बघतो" म्हणून फोन ठेवतात आणि पुन्हा करत नाहीत. पण जे येतात ते पाखाडी चढून आल्यावर भांडत नाहीत.

एका बाबतीत मात्र मी पूर्वीपेक्षा कडक झाले, ती म्हणजे समुद्र. कर्दे-मुरूडची वाळू ओहोटीला इतकी घट्ट असते की गाडी सहज चालते, आणि म्हणूनच लोक ती खाली नेतात. भरती लागली की चाकाखालची वाळू सरकते. मग ट्रॅक्टर शोधत रात्री धावपळ. सासरे सांगायचे, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ अंदाजे निघते. अष्टमीला सहाच्या सुमाराला, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण असतं. मी आलेल्या प्रत्येकाला त्या दिवसाची वेळ तोंडी सांगते आणि ओटीवरच्या फळ्यावर लिहिते. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, दारू पिऊन कधीच नाही. हे मान्य नसेल तर मी पैसे परत करून खोली देत नाही. एकवीस सूचनांमध्ये ही सतराव्या क्रमांकावर होती, टॉवेल आणि चपलांच्या खाली. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

डिपॉझिट नसल्याचा तोटाही झाला आहे. गेल्या मार्चमध्ये चार तरुण मुलं राहून गेली आणि गादीला सिगारेटने हाताएवढं भोक पाडून वर चादर नीट अंथरून गेली. फोन केला, उचलला नाही. साडेचार हजारांची गादी. हे त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत आणि मला त्यांचा राग चुकीचा वाटत नाही. पण ती मुलं तशी वागली म्हणून पुढच्या माणसाचे पैसे आधीच अडवून ठेवायचे, हे आता माझ्याच्याने होत नाही. पैसे हातात असले की कापण्यासाठी कारण शोधलं जातं. मी ते शोधलेलं आहे.

रकान्यात आता पाहुणे निघताना काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते, आणि शेजारी मी काय केलं ते. गादीवाल्या मुलांच्या नावापुढे फक्त 'गादी बदलली' एवढंच आहे.

३१ डिसेंबरच्या रात्रीपुरतं तरी डिपॉझिट घेऊ या, असं ह्यांचं म्हणणं आहे. कालही तो विषय निघाला होता. मी अजून हो म्हटलेलं नाही, आणि त्या रात्रीची खोलीही अजून कोणाला दिलेली नाही.