मोतीची चाल

कुत्रा पाळण्याचा निर्णय मी घेतला नव्हता. तो बदलीच्या हुकमासारखा माझ्यावर बजावण्यात आला आणि बजावणारे अधिकारी होते आमचे आठ वर्षांचे चिरंजीव. दिल्लीतील रामकृष्णपुरममध्ये दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरात, तेही दुसऱ्या मजल्यावर, जर्मन शेफर्ड आणावा की नाही, हा प्रश्न एखाद्या मुरलेल्या कारकुनाने फायलीवर 'चर्चा करावी' असा शेरा मारून वर्षभर सहज लांबवला असता. मला तेवढे साधले नाही. २०२४ च्या जानेवारीतील एका रविवारी आठ आठवड्यांचा, सात किलो वजनाचा, अंगाच्या मानाने पंजे भलतेच मोठे असलेला एक काळसर-तांबूस गोळा आमच्या बैठकीत दाखल झाला, आणि आल्या आल्या त्याने पहिले कर्तव्य अण्णांच्या चटईवर उरकले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आदल्या नोव्हेंबरात आई गेली, तेव्हा मी त्यांना साताऱ्याहून दिल्लीस आणले. खरे सांगायचे तर त्यांच्या मनाविरुद्धच आणले. ते दिवसभर खिडकीशी बसत आणि सायंकाळी मी घरी आलो की 'गोवा एक्स्प्रेसचे आरक्षण मिळते का बघ' एवढेच म्हणत. आमच्यात याहून अधिक संभाषण नव्हते. चिरंजीवांनी पिल्लाचे नाव 'सिंबा' ठेवले. अण्णांनी एकदाच चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "मोती." गावच्या घरी दारात जो कुत्रा असे, तो पिढ्यान्‌पिढ्या मोतीच असे. दोन दिवसांत पिल्लू 'मोती' म्हटल्यावरच कान टवकारू लागले.

पहिले महिने लसी टोचण्यात आणि बूट वाचवण्यात गेले. लसींचा क्रम पुरा होईतो त्याला रस्त्यावर सोडायचे नव्हते. पण जगाची ओळख तर याच वयात व्हावी लागते. म्हणून मी त्याला मांडीवर घेऊन बसथांब्याशी बसे आणि बसगाड्या, भाजीवाले, छत्र्या दाखवी. रेबीजची लस झाल्यावर महानगरपालिकेत नोंदणीही केली. दिल्ली महानगरपालिका अधिनियम, १९५७ याच्या कलम ३९९ मध्ये कुत्र्यांच्या नोंदणीची तरतूद आहे, हे शेजाऱ्यांना ऐकवताना मला जो आनंद झाला, तो केवळ माझे व्यवसायबंधूच जाणतील.

चूक घडली ती यापुढे. थोराड जातीच्या पिल्लाला खायला भरपूर घालावे आणि पळवावेही भरपूर, म्हणजे हाड मजबूत होते, असा आपल्याकडे ठाम समज आहे. मी त्या समजाचा निष्ठावान सेवक होतो. एका दुकानदाराने भक्तिभावाने दिलेली कॅल्शियमची पावडर मी दोन वेळा दुधात कालवीत असे, आणि पहाटे मोतीला सायकलीबरोबर पळवीत असे. पाचव्या महिन्यात त्याचे वजन वीस किलोंवर गेले. लोक थांबून कौतुक करीत. बारा वर्षांच्या नोकरीत माझ्या वाट्याला जेवढे कौतुक आले नव्हते, तेवढे एका एप्रिल महिन्यात आले.

त्याच महिन्याच्या अखेरीस मोती पुढच्या डाव्या पायाने लंगडू लागला. चार दिवसांनी तो पाय बरा झाला आणि मागचा उजवा दुखू लागला. रात्री तो कण्हत असे आणि मी अंधारात त्याच्या पायावर हात ठेवून बसे. मुलाला काय सांगावे, हे मला सुचत नव्हते.

पशुवैद्यक बाईंनी पाय चाचपले, क्ष-किरण चित्र काढले आणि मग माझी उलटतपासणी घेतली. या पायावरून त्या पायावर फिरणाऱ्या दुखण्याला पॅनोस्टायटिस म्हणतात. या जातीच्या पिल्लांत ते वरचेवर दिसते आणि आपोआप ओसरते. ते माझ्या सायकलीमुळे झालेले नव्हते. मी सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो, तोच बाई म्हणाल्या, "पण पुढची दुखणी तुम्ही स्वतःच्या हाताने तयार करीत आहात." लांब हाडांच्या टोकांशी, वाढ होते तिथे, कूर्चेचा कोवळा पट्टा असतो. थोराड जातीत तो पुरता हाड व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचे कॅल्शियम नाकारता येत नाही. मिळेल तेवढे ते शोषून घेते आणि हाडाची घडण बिघडते. तेव्हा पावडर बंद, सायकल बंद, जिन्यावरून धावणे बंद. बरगड्या हाताला लागतील इतकेच अंग हवे. मातीवर, त्याच्या मर्जीने खेळावे आणि तो थांबला की आपणही थांबावे.

"मग याची रग जिरवायची कशी?" मी विचारले.

"नाकाने," त्या म्हणाल्या. "त्याला वास घेऊ द्या. पाव तास हुंगून तो जितका दमेल, तितका तुमच्या सायकलीमागे दमणार नाही."

घरी आल्यावर थोडे वाचले. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन घोडदळातील अधिकाऱ्याने ज्या मेंढपाळी कुत्र्यांपासून ही जात बांधली, ते दिवसभर शेताच्या बांधावरून येरझारा घालीत. मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून जिवंत कुंपण होऊन राहणे, हेच त्यांचे काम. शर्यत त्यांच्या गावीही नव्हती.

आता सावकाश चालणारा, दर दहा पावलांवर थांबणारा माणूस हवा होता. तसा घरात एकच होता. अण्णांचे गुडघे झिजलेले. मी पहाटे मोतीला कडेवर घेऊन जिना उतरे, मागून कठडा धरून अण्णा येत, आणि मग साखळी त्यांच्या हाती देऊन मी डबा, इस्त्री आणि बस यांच्या मागे लागे. मे महिन्यात डांबर तापण्याआधी परतायचे म्हणून ते पाचलाच तयार असत. दुपारी जुन्या पंचाच्या घड्यांत पोळीचे तुकडे लपवून मोतीला शोधायला लावीत. ऑगस्टात मोती सव्वीस किलोंचा झाला आणि माझ्या पाठीने असहकार पुकारला. तेव्हा बाईंच्या परवानगीने दोघे आपापल्या पायांनी जिना उतरू लागले; साखळी आखूड धरलेली, एक पायरी, मग विसावा. तिकिटाचा विषय केव्हा बंद पडला, ते माझ्या ध्यानात आले नाही.

नोव्हेंबरात आईच्या वर्षश्राद्धासाठी अण्णा पंधरा दिवस आधीच साताऱ्यास गेले. मला रजा मिळाली ती शेवटच्या चार दिवसांची. तोवर पहाटेची फेरी माझ्याकडे आली. मी घड्याळ पाहत निघालो, पण मोती माझ्या घड्याळाने चालेना. कडुलिंबाशी तो थांबला. दुधाच्या बूथशी थांबला, तिथल्या माणसाने मला न्याहाळून विचारले, "बाबूजी नहीं आए?" पुढे उद्यानातल्या एका बाकापाशी तो खाली बसला आणि काही केल्या उठेना. बाकावर एक वृद्ध मल्याळी गृहस्थ होते. त्यांनी मला शेजारी जागा करून दिली आणि मोडक्या हिंदीत विचारले, की तुमच्या आई पहाटे जात्यावर बसून गात असत, ते गाणे तुम्हालाही येते का.

आई जात्यावर गात असे, हे मला ठाऊकच नव्हते. माझ्या जन्माआधीच घरात गिरणीचे पीठ येऊ लागले असावे. वर्षभरात अण्णांनी माझ्यापाशी तिचे नाव काढले नव्हते आणि मीही काढले नव्हते. मोती मात्र पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, रोजचेच ऐकत असल्यासारखा पडून होता.

त्या रात्री अण्णांचा फोन आला.

"मोतीचे पाय कसे आहेत?"

"ठीक आहेत, अण्णा."

"बाकावर बसला होतास का?"

"बसलो होतो. दहा मिनिटे."

"कमी झाली," अण्णा म्हणाले. "उद्या जरा लवकर निघ."